खिडकीतली ढब्बी

बुलबुलच्या आठवणींच्या पुस्तकात तरुणपणीच्या चुकांची नुसती रेलचेल होती, पण वाचकांनी डोक्यावर घेतला तो खिडकीचा प्रसंग. वसतिगृहातल्या दोन मुली रविवारी दुपारी कोठीघराच्या खिडकीतून सिनेमाला पळतात. परतताना त्यांतली जाडी, ‘ढब्बी’, खिडकीत अडकते. आतून रेक्टरबाई हात ओढतात, बाहेरून माळी पाय ढकलतो, आणि बुलबुल पळून न जाता मैत्रिणीला धीर देत उभी राहते.

ढब्बी म्हणजे काडी. वसतिगृहात तिला काडीच म्हणत, कारण तेव्हा ती होतीच तशी. आणि खिडकीत अडकली होती बुलबुल.

छापण्याआधी बुलबुलने तिला विचारलं होतं. “अगं, मी रेडिओवरची बाई. माझं अर्धं अंग खिडकीबाहेर लोंबकळतंय, कसं दिसेल? तुझं नाव घालत नाही. तुझं काय जातंय?”

काडी दातांच्या कवळ्या बनवायची. तेव्हा ती एका कवळीला पॉलिश करत होती. मशीनच्या घरघरीत ती “बरं, लिही” म्हणाली आणि मोकळी झाली.

मोकळी कसली! पुस्तक गाजलं आणि बुलबुलने मुलाखतीत सांगून टाकलं, “माझी ढब्बी आता कवळ्या बनवते.” दुसऱ्या दिवसापासून माणसं काडीच्या कार्यशाळेत डोकावायला लागली. दातांचे डॉक्टर साचे पाठवताना निरोप धाडायचे, “खिडकीतल्या बाईंना द्या.” घरी पाहुणे आले की नणंद पुस्तक काढून बसायची. पन्नाशीनंतर काडीचं अंग सुटलं होतं, त्यामुळे कुणाला शंकाही येईना. बोलावं तर मैत्रीण खोटी पडते, न बोलावं तर आपण. आपलेच दात अन् आपलेच ओठ. लोक हसतात याचं तिला एवढं वाटत नव्हतं. पण त्या दुपारी पळून न जाता उभी राहिली होती ती. बुलबुलचे पाय छातीशी धरून, “रडू नकोस, मी आहे” म्हणत. तेही पुस्तकात बुलबुलच्याच वाट्याला गेलं होतं.

मग वाचनालयाच्या सभागृहात बुलबुलचं वाचन झालं. सूनबाई हौसेने काडीला पहिल्या रांगेत घेऊन बसली. प्रसंग वाचून झाला, लोक हसून हसून बेजार झाले, आणि बुलबुलने हात पुढे केला. “ढब्बे, ये वर!”

टाळ्या पडत होत्या, सून मागून ढकलत होती. काडी चढली. एका मुलीने विचारलं, “काकू, अडकल्यावर पहिल्यांदा काय वाटलं?”

तिने बुलबुलकडे पाहिलं. बुलबुलचं हसू चेहऱ्यावर गोठलं होतं.

“मला काय माहीत?” काडी म्हणाली. “मी अडकलेच नव्हते. ही अडकली होती. मी बाहेर हिचे पाय धरून उभी होते.”

मग सभागृह असं काही फुटलं की माईक कुंई करायला लागला. “वा काकू! काय फिरवलंत!” कुणीतरी ओरडलं. सूनसुद्धा डोळे पुसत हसत होती.

“अहो, खरंच सांगतेय,” काडी म्हणाली. लोक आणखीच हसले. एवढ्या हशात ती उभीच राहिली. खाली उतरायची पायरीसुद्धा तिला सापडेना.

सकाळी बुलबुलचा फोन आला. “काय बहार आणलीस गं! पुढच्या महिन्यात आणखी एक वाचन आहे. तेच बोल तिथे, अगदी तस्संच.”

“तू तरी हसू नकोस,” काडी म्हणाली.

पलीकडून रेडिओवरचा नव्हे, वसतिगृहातला जुना आवाज आला. “काडे, आता बदलता नाही गं येत. दुसरी आवृत्तीपण छापून झाली.”

“ठाऊक आहे.”

“मग येशील ना?”

“नाही,” काडी म्हणाली आणि फोन ठेवला. दाराशी एक अनोळखी बाई हातात पुस्तक घेऊन, सही मागायला, हसत उभी होती.