एक म्हणजे थांब

हानेलोरेने शेगडीजवळच्या फरशीवर टाच दोनदा आपटली आणि वाट पाहिली. खालून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा आपटली, या वेळी जरा रागाने. तव्यावर किसलेल्या बटाट्याची धिरडी कडक होत चालली होती. शेवटी तवा बाजूला सारून, भिंतीला हात टेकत ती तळघरात उतरली.

राइनहोल्ट स्टुलावर चढून थर्माकोलचा जाड तक्ता दोन्ही तळव्यांनी छताला दाबत होता. केसांत पांढरा भुगा, पँटवर तक्ते चिकटवायच्या मसाल्याचे डाग.

"कानात बोळे घातलेस का? मघापासून पाय आपटतेय मी."

"ऐकूच आलं नाही," नवरा खुशीत म्हणाला. "म्हणजे काम झकास होतंय. आवाज अडतोय, तर गारठाही अडेल."

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. उभ्या जन्मात खाणीत गिळलेली कोळशाची धूळ त्याच्या छातीत बसली होती आणि आता हळूहळू वसुली करत होती.

पाय आपटायची ही रीत त्याचीच. खाणीत माणसांचा पिंजरा वरखाली करायला घंटेचे इशारे असत. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. खाण बंद पडली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लग्नानंतर त्याने बायकोलाही हेच शिकवलं होतं. दोन टाचा म्हणजे जेवायला वर ये. तीन म्हणजे माझी बहीण आलीय, खालीच बस. तो खालून झाडूच्या दांड्याने एकदा ठोकायचा, म्हणजे थांब, येतो.

निवृत्तीनंतर त्याचा दिवस तळघरातच जाई, तुटक्या खुर्च्या नि लोकांचे रेडिओ दुरुस्त करण्यात. ती वर आणि तो खाली, असा त्यांचा संसार. दिवसभर तिला त्याची खुडबुड ऐकू येई, आणि खोकला. खोकला मध्येच तुटला की तिचा हात थांबे. पुन्हा सुरू झाला की ती बटाटे सोलायला लागे. त्या वर्षी गॅस महागला आणि तळघराचं छत मढवायचं खूळ त्याने डोक्यात घेतलं.

"मला नकोत गरम पाय," जेवताना ती म्हणाली. "मोजे आहेत माझ्याकडे."

"मोज्यांनी घर तापत नाही, लोरे."

"आणि खाली पडलास तर? मला कळणार कसं?"

त्याने काटा ताटात ठेवला. "आणि मी गेल्यावर? एकटीच्या पेन्शनीत तू घर तापवशील की तळघर?"

"जायच्या गोष्टी जेवताना नकोत."

"मग कधी करू? जेवणाशिवाय तू मला वर बोलावतेस कुठे?"

ती हसली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती कबूल करण्यापेक्षा भांडणं सोपं होतं. मग तिने अबोला धरला. पण काहीबाही निमित्त काढून दिवसातून कितीदा तरी ती जिना उतरायची, गुडघे कुरकुरत असताना. बैठकीची फरशी उबदार झाली, मग झोपायच्या खोलीची. पायांना सुख वाटायचं आणि त्या सुखाचा तिला राग यायचा. घर इतकं मुकं झालं होतं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा आगाऊ वाटायचं.

काम संपलं त्या दिवशी तिने सवयीने शेगडीजवळ टाच दोनदा आपटली आणि स्वतःवरच चिडली. तेवढ्यात पायाखाली ठोका वाजला. एक.

ती खाली गेली. सगळं छत पांढरंशुभ्र होतं. फक्त त्याच्या कामाच्या मेजाच्या वर, शेगडीच्या बरोबर खाली, एक करडा चौकोन उघडा होता.

"तेवढाच एक तक्ता कमी पडला," तो म्हणाला.

कपडे धुवायच्या मशीनमागे एक अख्खा तक्ता वेष्टनासकट उभा होता. तिने तो पाहिला. तिने पाहिल्याचं त्यानेही पाहिलं.

"चल, गार होतंय," ती म्हणाली. दोघं वर गेली, तो पायरीपायरीला श्वास गोळा करत.

मार्चमध्ये तो इस्पितळात गेला. तिथे चढायला जिना नव्हता, तरी श्वास पुरला नाही.

पानगळीच्या दिवसांत मुलगी आली, बीर्गिट. अनवाणी घरभर फिरली. "काय उबदार झालंय गं घर, आई. बाबांनी काम मात्र चोख केलंय." मग शेगडीशी थबकली. "अगं, इथे का एवढं गार?"

हानेलोरे काही बोलायच्या आत ती खाली उतरलीही.

"एक तक्ता लावायचाच राहिलाय," तिने जिन्यातून ओरडून सांगितलं. "पडलाय इथेच. गोणीत मसालाही आहे."

"राहू दे."

"राहू दे काय? सगळी ऊब इथून पळतेय. एवढी छाती फोडून केलं त्यांनी, आणि आपण भोक ठेवायचं? आत्ता लावते. बस तू."

हानेलोरेला सांगायचं होतं. पण सांगितलं तर ते म्हातारीचं खूळ वाटलं असतं, आणि सांगता सांगता रडू फुटलं असतं. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग थापीचा. त्या चौकोनातून तिला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, मुलीचं पुटपुटणंसुद्धा. वेष्टन फाटलं. स्टूल सरकलं.

तिने टाच उचलली आणि एकदा आपटली.

खाली थापी थांबली. बीर्गिट याच घरात वाढली होती. दोन टाचांवर जेवायला वर आली होती आणि एकीवर थबकली होती. मग तक्ता हलकेच भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

ती वर आली ती आईकडे न बघता. नळ सोडून हात धूत राहिली, मसाला निघून गेल्यावरही. हानेलोरेने लोकरीचे मोजे चढवले, खुर्ची शेगडीजवळच्या गार फरशीवर ओढून घेतली आणि बटाटे सोलायला बसली.