महादूचे पाय

"चंद्रे, माझ्या पायांवर चादर हाय का गो?"

"हाय ना. का वो?"

"मला समजत नाय."

चंद्रकला हसली. सकाळीच महादूच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, तेही दुर्बिणीतून. किन्हवलीच्या भातगिरणीवर उभी हयात पोती वाहिलेली पाठ एवढ्याशा भोकातून नीट होते, याचंच तिला नवल वाटत होतं.

"सुईची बधिरी हाय ती. ऋतिकच्या टायमाला माझं शिजर झालं, तवा मलाबी असंच झालेलं. उतरंल सांजपर्यंत."

"सिस्टरला सांगतेस का?"

"तिला उगाच कशाला तरास? पडून ऱ्हावा तुमी."

आजारपणातलं आपल्या बायकोला जास्त कळतं, असं महादू चारचौघांत कौतुकानं सांगायचा. तो पडून राहिला.

तिला तेव्हा कमरेत सुई दिली होती. महादूला पूर्ण भूल दिली होती, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं डॉक्टरांना पाय हलवूनही दाखवले होते. तिच्या डोळ्यांदेखत. तरी तिच्या डोक्यात काही आलं नाही.

संध्याकाळी लघवी होईना, तेव्हा सिस्टरनं पाय तपासले आणि धावपळ उडाली. आत रक्त साकळून नसा दाबल्या गेल्या होत्या. त्याच रात्री पुन्हा ऑपरेशन करून पाठ उघडावी लागली. "बधिरपणा आला तेव्हाच बोलवायला हवं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

लुळे पाय घेऊन महादू घरी आल्यावर शेजारची हिराबाई विचारायची, "कसं झालं रे असं?"

"नशीब, दुसरं काय," महादू म्हणायचा.

चंद्रकला आत चहा ठेवताना ऐकायची. त्यानं एकदा तरी आपलं नाव घ्यावं, चार शिव्या हासडाव्यात, असं तिला फार वाटे. त्याचं हे गप्प राहणं तिला सोसत नव्हतं.

रोज तेल लावून ती त्याचे पाय चोळायची. "लागतंय का?" विचारायची.

"लागतंय थोडं थोडं," तो म्हणायचा. तेवढ्या आशेवर तिचा दिवस निघायचा.

काल तिनं त्याला अंगणात खुर्चीवर बसवलं, चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं आणि बोलता बोलता दोन तांबे त्याच्या पायांवर घातले.

"बरं वाटतं गो," महादू म्हणाला. "कोमट हाय."

तिसरा तांब्या भरताना तिची बोटं पाण्याला लागली आणि तिनं हात झटकला. विसणाचं गार पाणी घालायचं राहूनच गेलं होतं. त्याची पावलं लालबुंद झाली होती, आणि तो तिच्याकडे बघून हसत होता.

चंद्रकलेनं गार पाण्याचा हंडा उचलला आणि त्याच्या पायांवर ओतत राहिली.

"आता गार लागतंय," महादू म्हणाला. हंडा त्यानं पाहिला होता.