पोलिसांपुरतं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. मित्रांनो, जुनं म्हटलं की तुम्हाला वाटेल, यानं वर्षानुवर्षं कुणाचं तरी डोकं सांभाळलं असेल. तसं काही नाही. मी वर्षभरातच जुना झालो. आता हैदराबादेत, अंबरपेठच्या एका घरात लोखंडी कपाटावर पडून असतो. ओढणीत गुंडाळून ठेवलंय मला. मधोमध तडा गेलाय. घरातली बाई येता-जाता माझ्याकडे बघून हात जोडते, आणि तेच मला सहन होत नाही. म्हणून सांगतोय.

माझा जन्म दूर दुसऱ्या राज्यात, एका शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या. खऱ्या हेल्मेटच्या आत जाड थर असतो. डोकं आपटलं की तो थर दबतो, मार तो खातो. माझ्या आत टीव्हीच्या खोक्यात येतं तसलं थर्माकोल होतं, तेही पातळ. वरून काळं कापड चिकटवलं, बाहेरून लाल ज्वाळांचं चित्र काढलं. शेवटी सरकारी ठप्प्याचं स्टिकर. त्या स्टिकरचं अख्खं रीळ भिंतीला टांगलेलं असायचं. त्या शेडमध्ये सगळ्यात पक्कं काय होतं सांगू? त्या स्टिकरचा गोंद.

मालक तसा वाईट माणूस नव्हता. दिवाळीला सगळ्यांना मिठाई वाटायचा. कुणी काही बोललं तर म्हणायचा, लोक मागतात म्हणून बनवतो, मागायचं थांबले की उद्या बंद करतो. तो स्वतः कारनं यायचा.

तिथून मी हैदराबादच्या दिलसुखनगरला आलो. मेट्रोच्या पुलाखाली एकानं ताडपत्री अंथरून आम्हाला मांडलं. त्याच्याकडे दोन ढीग होते. मोठा ढीग आमचा, आणि बाजूला चार खरी हेल्मेटं, धूळ खात. कोचिंग क्लासचा एक मुलगा आला आणि विचारलं, दोन्हीत फरक काय. विकणारा खोटं बोलला नाही. म्हणाला, "वो सर का है, ये पोलीसां का." म्हणजे ते डोक्यासाठी, हे पोलिसांना दाखवण्यापुरतं. मुलगा हसला आणि पोलिसांचं घेऊन गेला. बहुतेक सगळे तेच करायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उघडा बाजार होता, समोर दोन्ही माल होते.

मग एक दिवस भामाबाई आल्या.

भामाबाईंचं सासर-माहेर दोन्ही शेतकरी, पूर्वीच्या निजामाच्या राज्यातले, उदगीरकडचे. नवरा हिम्मतराव लाइटच्या खात्यातून रिटायर झालेले. मुलगी प्रियदर्शिनी, तिला सगळे प्रिया म्हणायचे. तिचं लग्न पुण्याच्या सारंगशी झालेलं. तो इथेच आयटीत होता, दोघं नागोलला राहायची. धाकटा संदेश बँकेच्या परीक्षा देत होता.

तेव्हा अधिक महिना चालू होता. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, जेवू घालतात, जावयाला वाण देतात. वाण जाळीदार वस्तूचं असावं लागतं. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक, काहीतरी भोकं असलेलं. भामाबाईंनी अनारसे तर केलेच होते, पण जावई बाईकवर फिरतो याची त्यांना मनापासून भीती वाटायची. हेल्मेटला वर हवा जायला भोकं असतात हे त्यांनी कुठेतरी बघितलं आणि ठरवलं, यंदा हेच द्यायचं.

त्यांनी घाईत घेतलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पैशांची कंजुषीही केली नाही. चांगला अर्धा तास बसून त्यांनी पारख केली. मडकं घेतात तशी. आधी एक खरं हेल्मेट उचललं, कानाजवळ धरलं आणि बोटानं वाजवलं. आत जाड थर असल्यामुळे ते धप्प वाजलं. त्यांनी नाक मुरडलं आणि खाली ठेवलं. मग मला उचललं. मी पोकळ. टण्ण वाजलो. त्यांचा चेहरा उजळला.

विकणारा म्हणाला, "अम्मा, ये मटका थोडी है."

"मेरेकू नक्को सिखाओ," भामाबाई म्हणाल्या. "घर के सब घड़े मैंईच लाई."

त्यानं खरं हेल्मेट परत बाजूला मांडलं. विकत घेणारीला हेच हवंय, मग आपण कशाला वाद घालायचा. त्यांनी स्टिकरवर बोट फिरवून फक्त एवढंच विचारलं की ठप्पा सरकारचा आहे ना. तो म्हणाला, है ना अम्मा. भामाबाईंना बरं वाटलं. ठप्पा आहे म्हणजे कुणीतरी साहेबानं हातात घेऊन बघितलं असेल, असं त्यांना वाटलं. मला तर कुठल्याच साहेबानं हातात घेतलं नव्हतं.

रविवारी लेक-जावई आले. मला पाटावर ठेवून हळदीकुंकू लावलं, आत अनारसे ठेवले. संदेशनं तेवढ्यात फोटो काढला आणि म्हणाला, दाजी, आता डोक्यात गोडवा राहील तुमच्या. सगळे हसले. आयुष्यात माझं तेवढं एकदाच कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं.

जेवताना सारंग आणि हिम्मतराव यांचं नेहमीचं सुरू झालं. सारंगचं म्हणणं, सरकारनं रस्ते करावेत, चोर पकडावेत आणि बाकी माणसाला मोकळं सोडावं. हेल्मेटची सक्तीसुद्धा त्याला पटत नव्हती. ज्याचं डोकं त्यानं ठरवावं.

"आन् फुटल्यावर दवाखाना कोनाचा?" हिम्मतरावांनी विचारलं.

"ज्याचा त्याचा, बाबा. विमा काढावा माणसानं. घेताना नीट बघून घ्यावं. सगळंच सरकारनं बघायचं तर आपण कशाला मोठे झालो?"

"सगळ्यांलाच बघता येतंय का जावईबापू?"

"नाही आलं तर शिकतील. ठेच लागली की शिकतात."

प्रियानं दोघांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "आधी जेवा. सरकार नंतर चालवा."

घरी गेल्यावर सारंगनं मला हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी आत गेलो आणि कुरकुरलो. त्याला लगेच कळलं. हुशार आहे तो. त्याचं स्वतःचं हेल्मेट त्यानं महिनाभर माहिती वाचून घेतलेलं होतं. मित्राला फोनवर म्हणाला, "सासूबाईंनी खेळणं दिलंय रे. पोलिसांपुरतं ठीक आहे."

आता वाण परत करत नाहीत. सासूनं दिलेलं वाण खोटं निघालं असं कोणता जावई सांगेल? सारंगनंही सांगितलं नाही. टाकलंही नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, नाहीतर पोलीस फोटो काढून दंड पाठवतात. त्यानं मला प्रियाच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आईंनी दिलंय, तूच घाल. तुला शोभतंय."

ती आरशात बघून हसली. पट्टा त्यानंच लावून दिला.

तो तिच्यावर प्रेम करायचा, मित्रांनो. तसं नसतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तिच्यासाठी चांगलं हेल्मेट त्यानं मोबाईलवर निवडूनसुद्धा ठेवलं होतं. मागवायचं राहत होतं.

प्रिया दिलसुखनगरला एका क्लासमध्ये गणित शिकवायची. सकाळी सारंग तिला सोडायचा. मी तिच्या डोक्यावर असायचो आणि मला रोज एकच भीती असायची, आज पडलो तर? ती मागे बसून गुणगुणायची, कधी त्या दिवसाचं गणित मनातल्या मनात सोडवायची, आणि माझ्या आतल्या त्या पातळ थर्माकोलला तिचं डोकं लागायचं. सिग्नलला पोलीस आमच्याकडे बघायचा. दोन डोकी, दोन हेल्मेटं. हातानं पुढे जायला सांगायचा. त्याचं काम तेवढंच होतं. मी त्याच्या नजरेत अगदी पास होतो.

अंबरपेठला आईकडे निघाले असताना ते झालं. टँकरमधून सांडलेल्या पाण्यावर मागचं चाक सरकलं. दोघं पडले. सारंगचं डोकंही रस्त्यावर आपटलं, पण त्याच्या हेल्मेटवर नुसते ओरखडे आले. तो उठला. प्रियाचं डोकं डिव्हायडरच्या कडेवर गेलं. मी शेंगेसारखा उकललो. एका झटक्यात. थांबवण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच.

ती वाचली. पण उजवा हात उचलत नाही, आणि बोलणं गेलं. माणसं ओळखते, हसते, कागदावर लिहिलेला आकडा बघून डोळ्यांनी सांगते की कळलं. तोंडातून मात्र एकच शब्द येतो, "थांब". पाणी हवं असलं तरी थांब, पुरे झालं तरी थांब. क्लासनं तिची जागा भरली. त्यांना कसली सक्ती होती?

हिम्मतराव मला पिशवीत घालून ट्रॅफिक पोलिसांच्या ऑफिसात तक्रार द्यायला घेऊन गेले. सारंग बरोबर होता. तिथले साहेब सभ्य होते, पाणी दिलं, खुर्ची दिली. मला उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, हेल्मेट घालायला लावणं आमच्याकडे, ते कसं आहे हे बघणं दुसऱ्या खात्याकडे. दुसऱ्या खात्यात सांगितलं की असला माल बाहेरच्या राज्यातल्या शेडमधून येतो, ते आमच्या हातात नाही, आणि बिल कुठे आहे? फुटपाथवरचं बिल कुठून आणणार? तिथला माणूस शेवटी म्हणाला, "अंकल, देख के लेना था ना. आप की चीज, आप की मर्जी."

हिम्मतरावांनी सारंगकडे बघितलंसुद्धा नाही. सारंग जमिनीकडे बघत होता.

बाहेर इराणी हॉटेलात दोघं चहा घेऊन बसले. चहा तसाच गार झाला. मग सारंगनं सगळं सांगितलं. अंगठ्यानं दाबलेलं, मित्राला बोललेलं, सगळं. मला वाटलं आता म्हातारा त्याला मारणार. हिम्मतरावांनी गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"भामाला सांगू नका," ते म्हणाले. "तिनं निवडून आणलं होतं. जीव देईल ती."

सारंगनं मान हलवली. त्याचं तोंड बघून मला कळलं की त्याला सुटल्यासारखं वाटलंय. आणि तसं वाटल्याची लाजही वाटतेय.

मी पिशवीत पडून विचार करत होतो. शेडच्या मालकानं निवडलं, विकणाऱ्यानं, भामाबाईंनी, सारंगनं. जो तो आपल्या जागी मोकळा होता, आणि कायद्यानंही कुणाला अडवलं नाही. पण मला निवडणाऱ्यांपैकी एकाचंही डोकं माझ्यात नव्हतं. जिचं होतं तिला कुणी विचारलंच नाही. तिच्यासमोर दोन ढीग कधी ठेवलेच नव्हते कुणी.

इकडे घरी कुणीतरी भेटायला आलेलं बोलून गेलं की हेल्मेट होतं म्हणून पोरगी वाचली. भामाबाईंनी ते धरून ठेवलं. दुःखात माणूस काहीतरी धरतोच. त्यांनी मला पुसलं, आपल्या चांगल्या ओढणीत गुंडाळलं, कपाटावर ठेवलं. शेजारच्या पद्मावती आल्या तर मला खाली काढून दाखवलं. बघा, स्वतः फुटलं पण माझ्या लेकीला वाचवलं. पद्मावतींनी विचारलं, कुठून घेतलं. भामाबाईंनी पुलाखालची जागा नीट समजावून सांगितली. पद्मावतींच्या नवऱ्याकडे आता माझ्यासारखंच आहे, निळ्या ज्वाळांचं. हिम्मतराव त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

गेल्या महिन्यात संदेशला बँकेत नोकरी लागली, कोठी भागातल्या शाखेत. त्यानं स्कूटर घेतली. पहिल्या दिवशी सकाळी भामाबाईंनी त्याच्यापुढे पिशवी उघडली. आतून जे निघालं ते बघून कपाटावर माझा तडा आणखी लांबला असेल. त्याच साच्यातला. लाल ज्वाळा. स्टिकर जागच्या जागी.

संदेशनं डोक्यावर घालून बघितलं. अपघातानंतर प्रिया आणि सारंग इथेच राहायला आलेत; प्रिया खिडकीशी खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "थांब."

"हो ताई, निघतोच आहे," तो म्हणाला. तिच्या त्या शब्दाची सगळ्यांना आता सवय झालीय.

मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, चांगलं आहे ना?"

हिम्मतरावांनी सारंगकडे बघितलं. सारंगनं प्रियाच्या खांद्यावरची चादर सारखी केली. भामाबाई दारात वाटीत दही-साखर घेऊन उभ्या होत्या. किती दिवसांनी त्या हसत होत्या.

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "पट्टा लाव नीट."

मित्रांनो, शाळेच्या निबंधात आत्मवृत्त सांगणारे माझे बाकीचे भाऊबंद आपली गोष्ट संपवताना सांगतात, आम्हाला जपा, फेकू नका, निगा राखा. मी उलटं मागतोय. मला जपू नका. कुणीतरी या घरात या, मला ओढणीतून बाहेर काढा, दोन अंगठ्यांनी दाबा आणि भामाबाईंना दाखवा की मी कसा आत जातो. त्या रडतील, छाती बडवतील, कदाचित जावयाचं तोंड बघणार नाहीत. होऊ दे. सरकार येणार नाही सांगायला, बाजार तर मुळीच नाही. ज्यांना माहीत आहे ते दोघं आत्ता चहा पितायत.

संदेश नऊला निघतो.