हिरव्या खिशांचा तक्ता

मित्रांनो, वर्गातल्या कपाटामागे धुळीत उभी असलेली ती हिरवी गुंडाळी म्हणजे मीच! मी एक जुना कापडी तक्ता आहे. अंगावर खिसेच खिसे. वरची ओळ नामांची, खालची क्रियापदांची.

पूर्वी मी खिडकीचा पडदा होतो. इंग्रजीच्या बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. जोर केलात तर आवाज कायमचा जाईल." शाळेचे मोठे सर म्हणाले, "न बोलता इंग्रजी कसं शिकवणार? आठ दिवस बघतो. नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंकडे." बाईंचा तर त्या वर्गात जीव अडकलेला!

"वहिनी, घसा बसलाय, तर तुम्हीही बसा की जरा घरी!" असं म्हणत म्हणतच त्यांच्या नणंदेने मशीनवर माझ्या अंगावर खिसे शिवले. बाई बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून शब्द लिहीत होत्या. ब्रश, हॅमर, वॉटर. प्रत्येक शब्द दोनदा, एकदा वरच्या ओळीसाठी, एकदा खालच्या. "एवढे पुठ्ठे आणायचे कुठून? एकच ठेवा आणि हलवा," नणंद म्हणाली. त्या चिकटपणाने माझं नशीबच उजळलं!

वर्गात बाई ब्रश उंच धरत. पोरं ओरडत, "ब्रश!" पुठ्ठा वरच्या खिशात. मग बाई त्याच ब्रशने खसाखसा बूट घासत. पुन्हा "ब्रश!" आणि पुठ्ठा खाली. वस्तू असली की नाम, काम केलं की क्रियापद. काय मजा यायची म्हणून सांगू!

आठव्या दिवशी मोठे सर मागच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी ब्रश उचलला. वर्ग चिडीचूप! सरांसमोर शहाण्यासारखं वागायचं म्हणून सगळ्यांची तोंडावर बोटं. बाईंनी बूट घासला. तरी चूप. "पोरांना तर काहीच येत नाही," सर पुटपुटले. बोलण्यासाठी बाईंनी छातीत श्वास भरून घेतला. माझ्या तर टाक्याटाक्यातून घाम फुटला!

तेवढ्यात 'रेडिओ' ताडकन उठली. ही मुलगी अखंड बडबडायची म्हणून तिचं हे नाव. "बाई, नका बोलू! आम्ही बोलतो!"

झालं! वर्ग धरणासारखा फुटला. सरांनी 'वॉटर'चा पुठ्ठा उचलला.

"भांड्यात आहे तोवर वर, सर!"

"आणि झाडाला घातलं की खाली!"

दाखवायच्या नादात एकीने कुंडीत इतकं पाणी ओतलं की सरांचे बूट भिजले. सर हसायलाच लागले. "बाई, वर्ग तुमचाच. आता ह्यांना गप्प कसं करायचं तेवढं बघा."

तीन महिन्यांनी बाईंचा आवाज परत आला, थोडा खरखरीत. "रेडिओ, खाली बस!" हे त्यांचं पहिलं वाक्य. केवढ्या टाळ्या! त्याच आठवड्यात मला गुंडाळून इथे ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांना बोलताना ऐकत मी इथे किती वर्षं सुखाने उभा होतो. आता बाई निवृत्त झाल्या, आणि माझ्या खालच्या ओळीची शिवण उसवली आहे.

मित्रांनो, सुई-दोरा सापडला तर मला दोन टाके घाला. कुठल्यातरी वर्गात आजही कुणाचा तरी घसा बसलेला असेलच.