आधी टोपलं कोणी उचलायचं

तलाव रोज थोडा थोडा रिकामा होत होता आणि मासेमार ढिवरांतली गोकुळाबाई पाळीवर, मातीच्या बांधावर, बसून ते बघत होती. श्रावणातल्या एका रात्रीच्या पावसाने पाळ फुटली. खालच्या शेतांतल्या बांध्यांतला रोवलेला धान गाळाखाली गेला, दोन गोठे वाहून गेले. भगदाड तसं बैलगाडी जाईल एवढंच. पण उरलंसुरलं पाणी त्यातून सावकाश निघून चाललं होतं, अन् त्याच्यासंगं ढिवरांनी सोडलेली माशांची बोटुकलीही. बाजूच्या बांध्यांत वाचलेला धानही त्याच पाण्यावर पिकायचा होता.

बुजवायला गावात हात कमी नव्हते. पण टोपलं कोणी उचलत नव्हतं. जो आधी उचलंल त्याची चूक, असं न बोलताच ठरून गेलं होतं.

चूक धानवाल्यांची अन् ढिवरांची, दोघांचीही होती. आषाढात पाऊस रुसला, तेव्हा पाणी हातभर जास्त अडावं म्हणून धानवाल्यांनी सांडव्यावर मातीची पोती रचली. मासे निसटू नयेत म्हणून ढिवरांनी त्याच पोत्यांना लागून बांबूचा तट्टा ठोकला. त्या दिवशी धानवाल्यांतल्या हेमराजभाऊने सगळ्यांना चहा पाजला होता. मग पाऊस आला तो असा, की तट्ट्यावर काडीकचरा अडला, पोती हलली नाहीत आणि पाण्याने पाळीतूनच वाट काढली.

पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. एक म्हणाला, पाळीच्या दुरुस्तीचे पैसे यांनी खाल्ले. दुसरा म्हणाला, त्यांनीच. तेवढ्याने भागेना, तेव्हा एकाने धानवाले धरले, एकाने ढिवर. दोघांनीही बजावलं, पंचनाम्याचे साहेब बघून जाईपर्यंत भगदाडाला हात लावू नका.

आज त्यांतले धानवाल्यांची बाजू धरलेले गुणवंतराव पुन्हा आले. सोबतच्या माणसाने मोबाईल उभा धरला.

"बाई, तुम्ही वयाने मोठ्या. खरं सांगा, तट्टा कोणी लावला?"

"ते सांगतो जी. पन पानी कोन अडवून राह्यलं, ते तुमी सांगा."

पलीकडे धानवाल्यांत उभा असलेला हेमराज म्हणाला, "तट्टा नसता त पानी पोत्यांवरून गेलं असतं, बाई."

"अन् पोती नसती त तट्टा का हवेत टांगला असता?" इकडून पोचू ढिवर बोलला. दोन्हीकडची माणसं हसली. मग कोण कोणासंगं हसलं हे ध्यानात येऊन गप्प झाली.

गोकुळाबाईने हेमराजकडे पाहिलं. देवळात तो मृदंगावर आणि ती टाळावर, अशी किती वर्षं गेली. पाळ फुटल्यापासून देवळात कोणी टाळाला हात लावला नव्हता. पाळ फुटण्याआधीच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवांनी गोवर्धनाचं आख्यान लावलं होतं. देवाने डोंगर करंगळीवर धरला, तरी गवळ्यांनी आपापल्या काठ्या खाली लावल्या. मग बुवा थांबले, चिपळ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "मायबाप हो, त्या डोंगराखाली एकानेही विचारलं नाही, इंद्राला चिडवलं कोणी?" तेव्हा हेमराज डोळे पुसत होता. तीही पुसत होती.

ती उठली. गुडघे कुरकुरले.

"लिवा जी. तट्टा म्या लावला. चूक माहीच. झालं?"

"घेतलं ना रे?" गुणवंतराव मोबाईलवाल्याला म्हणाले.

तिने टोपलं भरलं आणि भगदाडात ओतलं. माती पडली तशी वाहून गेली. दुसरं टोपलं. तेही गेलं. कोणी हाललं नाही. तिसऱ्याला तिचा पाय घसरला, तसा पोचू धावला आणि तिचा हात धरून उभा राहिला.

"माती नाई टिकत वो अशी," हेमराज लांबूनच खेकसला. "आधी आडवं काई घाल ना तिथी!"

"काय घालू? तूच सांग."

हेमराज सांडव्याकडे गेला, तट्टा उपटला आणि ओढत घेऊन आला. त्याने आणि पोचूने मिळून तो भगदाडात ठोकला. मागोमाग धानवाले सांडव्यावरची पोती आणू लागले.

"अहो, साहेब यायचे आहेत अजून!" गुणवंतराव ओरडले.

"येऊ द्या जी," पोत्याखालून हेमराज म्हणाला. "पोती मीच ठेवली होती, हेबी घ्या त्याच्यात."

दिवस कलला तेव्हा तट्ट्याला पोती तशीच टेकली होती, जशी सांडव्यावर टेकली होती. पाणी थांबलं होतं. जेमतेम गुडघाभर उरलं होतं.

"संध्याकाळी येतेस का देवळात?" हेमराजने विचारलं.

गोकुळाबाईने चिखलाचे हात पाहिले. "उद्या, भाऊ. आज टाळ उचलनार नाई माह्याच्यानं."