अळ्या, नग बारा

माझ्या ताब्यातल्या मुद्देमालात सव्वीस वर्षांत सुतळीच्या तोड्याचाही फरक निघाला नाही. पंचनाम्यात जे लिहिलं, तेच कोर्टात हजर. साहेब लोक आले नि गेले, पण मुद्देमाल म्हटलं की जमादार मच्छिंद्र, हे ठरलेलं.

१९९४च्या चैत्रात, एका शुक्रवारी, भुजंगचं प्रेत त्याच्या शेतातल्या गोठ्यात सापडलं. संशय चुलतभाऊ कडूबावर. बांधावरून दोघांची जुनी मारामारी. पण कडूबा आठवडाभर अंबडच्या दवाखान्यात सलाईनवर होता, बुधवारी घरी आलेला. भुजंग बुधवारच्या आधी मेला असेल तर कडूबा सुटतो, नंतर मेला असेल तर अडकतो. सगळं एवढ्यावर होतं.

डॉक्टर नवा, तरणाबांड. प्रेतावरच्या अळ्या त्याने चिमट्याने वेचून बाटलीत घातल्या, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाला, "जमादार, अळीच्या वयावरून मरणाचा दिवस निघतो. आजच्या आज स्पिरिटमध्ये टाका आणि तपासणीला पाठवा." मला हसू आलं. माणसं साक्ष फिरवतात, म्हणून आता माशीच्या पोरांना बोलवायचं! तरी पंचांसमक्ष मोजून लिहिलं: अळ्या, नग बारा.

ठाण्यात स्पिरिट कुठलं? मागणीपत्र जालन्याला गेलं, सह्या होऊन माल यायला पंधरा दिवस लागले. बाटली काढून बघतो तर आत टरफलं आणि घोंगावणाऱ्या माशा.

मला घाम फुटला. लिहिल्या अळ्या आणि हजर माशा? भर कोर्टात माझी अब्रू गेली असती! माशा खिडकीतून हाकलल्या, खाटकाच्या दुकानामागून बारा बारीक अळ्या आणल्या, स्पिरिटमध्ये बुडवल्या, पंचनाम्याचीच तारीख घालून सील ठोकलं. अळी ती अळी. वयाची गोष्ट तेव्हा डोक्यातच आली नाही, देवाशपथ.

अहवाल आला: अळ्या एका दिवसाच्या. म्हणजे भुजंग गुरुवारी मेला. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. अहवाल फाइलला लावला.

कोर्टात कडूबाच्या वकिलाने विचारलं, "याच त्या अळ्या कशावरून?"

"मोजून घ्या," मी म्हणालो.

मोजल्या. बारा भरल्या. कडूबाला जन्मठेप झाली, आणि मुद्देमाल चोख ठेवल्याबद्दल निकालात माझं कौतुक झालं.

बाहेर कडूबाची बायको साळूबाई उभी होती. मला वाटलं, आता शिव्या देणार. तिने हात जोडले.

"जमादार साहेब, सगळे फिरले, तुम्ही तेवढे खरं बोल्ले. वकील म्हनले, तपासनाऱ्यानं अळ्यांचं वय चुकीचं काढलं, वरच्या कोर्टात ती बाटली मोठ्या डाक्टरकडून परत तपासून घेऊ, मंग बराबर उजेड पडंल. तवर नीट संभाळा."

"संभाळतो, बाई," मी म्हणालो.