पाव्हणे येईपर्यंतची झोप

मंजुळाबाईचं एक होतं, घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. त्या दिवशी तर मूठ आवळायला कारणच तसं होतं. दुपार कलताना माजलगावहून पाव्हणे यायचे होते, तिच्या भागवतचं घर बघायला. हल्ली शेतकऱ्याच्या पोराला पोरगी देतंय कोण? किती उंबरे झिजवले, तेव्हा कुठं हे एक घर यायला तयार झालं होतं.

सकाळी भागवत मोटारसायकलवर पेढे आणायला गेला आणि परत आला तो इरशादच्या टेम्पोत. इरशाद गावोगाव फळं विकायचा. ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून भागवतचं चाक घसरलं, ते त्यानं मागून येताना पाहिलं होतं. कोपर सोललेलं, कानाच्या वर टेंगूळ, शर्टावर थोडं रक्त. बस, एवढंच. पोरगं आपल्या पायानं चालत आत आलं. पेढ्यांचा पुडाही शाबूत होता.

"मावशी, घटकाभर शुद्धीत नव्हता ह्यो," इरशाद म्हणाला. "डोक्याचा मार हाय. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊन डोक्याचा फोटो काढा. मी सोडतो की."

"कायतरीच सांगतुय," भागवत म्हणाला. "डोळे मिटलेवते फकस्त. टरबुजं इकायची सोडून तू कवापासून डागदर झाला बे?"

मंजुळाबाईला भीती निराळीच होती. पोरगं गाडीवरून पडलं म्हणलं की लोक पहिलं विचारतात, दारू पिलता का? आता हे पोर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हतं. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

"इरशाद, बाबा, तुझ्या पाया पडते, कुठं बोलू नगं. पाव्हणे जाऊ दे, उद्या सकाळीच नेते त्याला."

इरशाद "बघा, तुमी मोठ्या हाय" म्हणून टेम्पोत बसला.

तिनं आधी शर्ट धुतला. टेंगळावर हळद लावली, ती दिसेल म्हणून पुन्हा पुसली आणि केस त्यावर वळवून ठेवले. हळद घालून दूध पाजलं. ते लगेच उलटून पडलं. रिकाम्या पोटी बाधलं असेल, म्हणाली.

"आई, डोकं लई ठणकतंय. जरा पडतो."

"पड बाबा. पाव्हणे आले की उठवते."

मग त्या बाईनं घर कसं गप्प केलं म्हणता! टीव्ही बंद, भांडी घासायची राहू दिली, ओट्यावर गप्पा मारायला आलेल्या बायनाबाईला दारातूनच वाटेला लावलं. नवरा गहिनीनाथ रानातून आला, तर त्यालाही एवढंच सांगितलं, पोरगं दमलंय, झोपू द्या. सख्ख्या बापाला सांगितलं नाही. काय म्हणावं या झाकाझाकीला.

थोड्या वेळानं भागवत घोरायला लागला. आजवर तो कधी घोरला नव्हता. मंजुळाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि तिला बरं वाटत होतं. लेकराला किती गाढ झोप लागली, पाव्हण्यांपुढं कसं टवटवीत दिसेल, असं तिच्या मनात आलं. मायेला डोळे नसतात म्हणतात. कानही नसावेत.

पाव्हणे आले. मुलीचे वडील रामेश्वर सतरंजीवर टेकले. मंजुळाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून भागवतला उठवायला आत गेली. हाक मारली, गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तो उठला नाही.

पाव्हण्यांच्याच जीपमधून त्याला नेलं. रामेश्वरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कधी लागलं, कसं लागलं, त्यांनी विचारलं आणि तिनं रडत सगळं सांगितलं. शेजारी बसलेला गहिनीनाथ ते पहिल्यांदाच ऐकत होता.

"इनबाई," रामेश्वर म्हणाले, सोयरीक जुळायच्या आधीच म्हणाले, "सांगायचं व्हतं आमाला. पोरगं पडलं म्हणून मी काय पोरगी द्यायची ऱ्हायलो असतो?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात आत रक्त साकळलं होतं. ती झोप नव्हती, बेशुद्धी होती. डोक्याला मार लागला की माणूस नुसता चालतोय, बोलतोय म्हणून घरी ठेवू नये. उलटी झाली, झापड यायला लागली की जागं करून नाव विचारावं, गाव विचारावं, आणि तसंच निघावं. सकाळी आणला असता तर वाचला असता बहुतेक. डॉक्टर हळूच बोलले, पण तिनं एकूण एक शब्द ऐकला.

आता दुपारी गहिनीनाथ लिंबाखाली आडवा होतो. डोळा लागला की घोरतो, आयुष्यभर घोरतच आलाय. मंजुळाबाई हातातलं काम टाकून धावत येते.

"अहो, उठा. नाव सांगा."

तो चिडत नाही. जीपमधल्या त्या दिवसावरून त्यानं तिला कधी बोल लावलेला नाही. उठून बसतो.

"गहिनीनाथ."

"गाव?"

तो गाव सांगतो.

"पोराचं नाव?"

"भागवत," तो म्हणतो.

मग ती त्याला झोपू देते.